रोज एक प्रकरण

२ सप्टेंबर, मंगळवार

फसलो. साफ फसलो.

इंदापूर डेपोच्या गाड्यांवर कंडक्टरकी करण्यात हयात गेली. मुक्कामाच्या गाडीत, आतल्या दिव्याखाली रहस्यकथा वाचत झोपायची सवय तेव्हापासूनची. तिकीट न काढता बसलेला माणूस मी चेहऱ्यावरून ओळखायचो आणि पुस्तकातला खुनी निम्म्या पानांत. आमचा मुलगा युवराज डाळिंबं घालायला बारामतीला गेला होता, तो स्टँडसमोरून हे जाडजूड पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ह्यातला खुनी शेवटपतुर कुणाला घावत न्हाय म्हणं." मी म्हटलं, बघू की.

थंड हवेच्या गावातलं एक लॉज. मालक सकाळी आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला. मी तिसऱ्या प्रकरणातच भागीदाराला धरला आणि काल रात्रीपर्यंत सोडला नाही. शेवटची चार पानं वाचली आणि उठून बसलो. खुनी कोण ते इथं लिहीत नाही. डायरी सोसायटीची फुकटची असली तरी घरात वाचणारी माणसं आहेत.

दोन वर्षांपूर्वी काळजात दोन स्प्रिंगा बसवल्या, तेव्हापासून मला शेतात कुणी फिरकू देत नाही. अंथुर्ण्यासारख्या खेड्यात दिवसभर नुसतं पडवीत बसून माणसानं करावं काय? म्हणून हे उद्योग.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज नवल घडलं. आमची मंडळी, म्हणजे जयवंता, पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "काय हाय वो त्या पुस्तकात? एकटंच हसत हुतासा." लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण हिनं कधी माझ्या पुस्तकाला हात लावला नाही. चौथी शिकलेली आहे, पण तिचं म्हणणं असं की मेलेल्या माणसाची चौकशी करण्यापेक्षा जित्या माणसाची करावी.

मी म्हटलं, वाचून दाखवतो. दिवेलागणीला पहिलं प्रकरण वाचलं. आवाज बदलून बदलून, फौजदाराचा वेगळा, मालकाच्या बायकोचा वेगळा. जयवंता गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "कुणी मारलं ती सांगा बगू आधी. म्हंजी घोर न्हाय जिवाला."

मी म्हटलं, "असं नसतं. रोज एक प्रकरण. मधलं सोडायचं नाही आणि शेवट आधी फोडायचा नाही."

"किती हायती?"

"चोवीस."

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, "लई हायती." मला हसू आलं. बायकांना धीर म्हणून नसतो.

तिचा गुरुवारचा उपास होता. नुसतं दूध घेतलं, तेही अर्धं.

९ सप्टेंबर, मंगळवार

उपासांवरून माझी आणि जयवंताची जुंपली. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार कुलदैवताचा. आता म्हणे मंगळवार-शुक्रवार देवीचा. मी म्हटलं, "देवांनी तुझे वार वाटून घेतलेत. आमच्यासाठी एक बुधवार राहिलाय." ती म्हणाली, "घरादारासाठीच करते न्हवं?" आमची सून स्वरूपा चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. उपासानं जयवंता वाळलीय. स्वरूपानं परवा तिची दोन पोलकी शिलाई घालून आत घेतली.

काल युवराज तिला डोळे दाखवायला बारामतीला घेऊन गेला होता. सकाळी गेलेली माणसं सांजच्याला आली. चष्मा कुठाय म्हटलं, तर म्हणे डॉक्टरनं दिला नाही, नजर चांगली आहे. चांगल्या नजरेला दिवसभर कसा लागतो ते मला विचारू नका. येताना ती मागच्या सीटवर आडवी होऊन आली. गाडी लागली म्हणे. जी बाई माझ्याबरोबर लाल डब्यातून शिखर शिंगणापूरला गेली आणि तोंड वाकडं केलं नाही, तिला चारचाकी लागली!

पाचवं प्रकरण वाचलं. आजही "सांगा की, कोण हाय ती" चालू होतंच. नाही म्हणजे नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज राग आला. आठवं प्रकरण, म्हणजे कुलपाची किल्ली सापडते ते, मी जीव ओतून वाचत होतो आणि वर बघतो तर जयवंता भिंतीला टेकून झोपलेली. तोंड उघडं. मी पुस्तक मिटलं. आवाजानं ती जागी झाली. "वाचा की, ऐकते म्या."

"झोप तू. गाढवापुढं वाचली गीता."

"चुकलं वो. डोळा लागला."

मी आत निघून गेलो. दोन-तीन दिवस पुस्तक काढणार नाही. किंमत कळू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्वरूपा दुपारी जवळ येऊन उभी राहिली. "तात्या, वाचा की आज. आई वाट बगत्यात." आवाज भरून आल्यासारखा वाटला. सासूचा एवढा कळवळा हल्लीच सुरू झालाय. मी म्हटलं, तिलाच येऊन सांगू दे. मग जयवंता स्वतः आली, माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "रुसायला काय न्हान हाय का? वाचा."

वाचलं. आठव्याचं राहिलेलं आणि नववं.

आणि आज तिनं मला दचकवलं. या पुस्तकात एक मावशी आहे, लॉजमधल्या सगळ्यांना चहा देणारी. फौजदार येतो, चहा. भागीदार येतो, चहा. जयवंता मध्येच म्हणाली, "ती मावशी समद्यांस्नी च्या देती. तिला कुणी इचारलं का गं बाई, तू घेतलास का म्हणून?" मी चेहऱ्याची रेघसुद्धा हलू दिली नाही. म्हटलं, "तिचा इथं काय संबंध?"

"न्हाय, आपलं इचारलं," म्हणाली.

२० सप्टेंबर, शनिवार

आमची लेक माधवी सुप्याहून आली. ना सण ना वार. उद्या सर्वपित्री, तिच्या सासरी पितरांचं पान असणार, ते सोडून ही इकडं. मी मधल्या घरात गेलो तर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. मला बघून डोळे पुसले. म्हणाली, "काय न्हाय तात्या, डोळ्यात गेलं कायतरी." मी कंडक्टर माणूस, सासरी बिनसलंय एवढं न कळायला मी काय दुधखुळा आहे? जावयांना फोन करून आडून आडून विचारलं. ते म्हणाले तसं काही नाही. तेही लपवतायत.

आणखी एक. जयवंताच्या डोक्यात नवीन खूळ शिरलंय. मला गॅसजवळ उभं केलं आणि म्हणाली, "च्या करायला शिका." मी म्हटलं, "का? घरात बायका कमी पडल्या?"

"स्वरूपा रानात असती दुपारची. तुमास्नी तीन वाजता च्या लागतो."

"मग तू आहेस की."

तिनं साखरेचा डबा माझ्या हातात दिला. चहा उतू गेला आणि ती पोट धरून हसायला लागली. मग हसणं थांबलं तरी पोट धरूनच बसून राहिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

घट बसले. जयवंताचे नवरात्राचे उपास, म्हणजे आता सगळेच वार गेले. माझा बुधवारही गेला.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिला वाचनाची खरी गोडी लागलीय. दोन-तीन दिवस झाले, शेवट विचारत नाही. रोज दिवेलागणीला आपण होऊन येते, माझ्यापुढं बसते आणि "हां, करा सुरू" म्हणते. पुस्तकाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत बसते. धीर कसा धरायचा ते मी तिला शिकवलं. काल तेरावं झालं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आता घरातलं प्रकरण लिहितो. पुराव्यानिशी लिहितो.

एक, युवराज आईला महिन्यात चारदा बारामतीला घेऊन गेला. डोळे, दात, पुन्हा डोळे, आणि माधवीच्या नणदेकडं म्हणून. दोन, मी गेलो की बोलणं थांबतं. काल डाळिंबाच्या शेडमध्ये युवराज आणि स्वरूपा कुजबुजत होती. मी क्रेटमागं होतो. स्वरूपा म्हणाली, "तात्यास्नी आता सांगाय पायजे." तो म्हणाला, "आईनं आण घातलीय, मी काय करू?" तीन, माधवीचं अवचित येणं. आणि चार, विहिरीकडचं शेत जयवंताच्या नावावर आहे.

शेंबड्या पोरालाही कळेल. विहिरीकडचं रान दोघं भावंडं आपल्या नावावर करून घेतायत. बापाला अंधारात ठेवून. आईला तिकडं नेऊन सह्या घेत असणार, तिला बिचारीला काय कळतंय. काळजात स्प्रिंगा बसल्या म्हणून मी यांच्या लेखी मेलोच.

मी अजून गप्प आहे. सगळे एकत्र आले की बोलेन.

२ ऑक्टोबर, दसरा

रात्र झाली, तरी लिहितो.

माधवी आली होती. संध्याकाळी युवराज सोनं द्यायला माझ्यापुढं वाकला. मी आपट्याची पानं घेतली नाहीत. म्हटलं, "हे सोनं राहू दे. विहिरीकडच्या रानाचं काय केलंस ते सांग. आईला बारामतीला नेऊन किती सह्या घेतल्यास?"

तो वाकलेलाच राहिला. मी आणखी बोललो. जे बोललो ते लिहीत नाही. चोर म्हटलं, एवढं लिहितो. पोटच्या पोराला, सणाच्या दिवशी, त्याच्या आई-बहीण-बायकोदेखत. त्यानं पानं माझ्या पायावर ठेवली आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर डोकं टेकून उभा राहिला.

जयवंता म्हणाली, "माधे, स्वरूपा, तुमी जरा बाहीर जावा." मग माझ्यासमोर बसली, रोज बसते तशी.

"कशावर सही न्हाय केली म्या. माज्या पोटात गाठ हाय. जठराला. आखाडातच कळलं. डॉक्टर म्हणालं, लांब पसरलीया, आता कापून उपेग न्हाय."

मी काय म्हटलं आठवत नाही. बहुतेक "कुणाच्या?" असं म्हटलं.

"तुमच्या काळजाला झेपायचं न्हाय, म्हणून म्याच पोरांस्नी आण घातली. त्येंच्यावर राग धरू नगा."

"आणि हे उपास?"

"घास उतरत न्हाय वो. ताट तसंच परत केलं असतं तर तुमी इचारलं असतं. उपास म्हटल्याव कोण इचारतंय?"

खरं आहे. कुणी विचारलं नाही. मी तर थट्टा केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी गावभरचे खुनी शोधत बसलो आणि ही माझ्यासमोर बसून वाळत होती. मला तेव्हा आठवले ते रुसून घालवलेले दिवस. मी पुस्तक ओढलं आणि म्हटलं, "थांब, तुला सांगतो. आत्ता सांगतो खुनी कोण ते."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "न्हाय. वळीनं वाचा. मधलं सोडायचं न्हाय, तुमीच म्हणला हुता."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी युवराजच्या पाया पडायला गेलो. बाप मुलाच्या पाया पडत नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं मधेच धरलं. "तात्या, आसं करू नगा." दोघं शेडमध्ये क्रेटवर बसून रडलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बारामतीच्या दवाखान्यातून आज घरी आणलं. पोटात पाणी झालं होतं, ते काढलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, आता घरीच ठेवा. काय आवडतं ते करा." तरुण आहेत, नीट बोलतात. मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "दिवाळी करा."

दवाखान्यात वाचू देत नव्हते. शेजारच्या खाटेवर सोमेश्वरनगरकडची एक बाई होती. पण मी हळू आवाजात दोन प्रकरणं वाचली. ती बाईसुद्धा कान देऊन ऐकायची. तिला घरी सोडलं तेव्हा म्हणाली, "दादा, कोण हाय ती सांगा की." मी जयवंताकडं बघितलं. जयवंता म्हणाली, "न्हाय सांगायचं ते. लई कडक हायती." आणि हसली. गालाची हाडं तेवढी हसली.

मला भीती वाटते. हिच्यामागं मी काय करू? चाळीस वर्षं मुक्कामी गाड्या केल्या. निम्मं आयुष्य तिच्यापासून लांब काढलं आणि उरलेलं पुस्तकात डोकं घालून.

आज तीन वाजता चहा मी केला. तिला दोन चमचे पाजला. "गोड झालाय," म्हणाली.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

शेवटचं प्रकरण वाचलं.

तिला पडवीत यायचं होतं. युवराजनं उचलून आणली, उशीला टेकवून बसवली. पणत्या लावल्या होत्या. मी हळूहळू वाचलं, आवाज बदलायचं जमलं नाही. फौजदार सगळ्यांना एका खोलीत बोलावतो. भागीदाराकडं बघतो, मालकाच्या बायकोकडं बघतो, भावाकडं बघतो. सगळे नाही म्हणतात. मग कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मावशी ट्रे खाली ठेवते आणि म्हणते, "मी मारलं. इतके दिवस इथंच उभी आहे. कुणी विचारलंच नाही."

मी जयवंताकडं बघितलं. तिनं दोन्ही हात कसेबसे उचलून तोंडावर घेतले. डोळे मोठे केले. "अगं बया! मावशी व्हय?"

"मावशी," मी म्हटलं.

"तुमाला तरी वाटलं हुतं का?"

"नाही. मी भागीदार धरला होता."

"लई चांगलं वाचून दाखिवलं," ती म्हणाली. मग थकली. आत नेऊन निजवली. माझं बोट धरून ठेवलं होतं.

एवढं तरी झालं. तिला शेवट कळला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काल पहाटे गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दहावा, तेरावा सगळं झालं. माधवी काल सुप्याला गेली. घर सुनं आहे. आठवडाभर लोक भेटायला येत होते आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होतो. जयवंतानं शेवटचे दिवस एका पुस्तकासाठी काढले. किती वेळा विचारायची, मी सांगत नव्हतो. रुसून दोन दिवस वाचलं नाही. तिला ताटकळत ठेवलं. बरं झालं, शेवटी ऐकून गेली, नाहीतर मी स्वतःला माफ केलं नसतं. लोक ऐकायचे, मान हलवायचे.

आज दुपारी भामाबाई आल्या होत्या, मळ्यातल्या शेजारीण. त्यांनाही सांगितलं. सांगता सांगता रडलो, तिला ताटकळत ठेवल्याचं मनातून जात नाही. त्या गेल्यावर स्वरूपा आली आणि माझ्यासमोर खाली बसली. पदर तोंडात धरलेला.

"तात्या, एक सांगू का? रागावू नगा. आईंनी कुणाला सांगायचं न्हाय म्हटलं हुतं. पण तुमी रोज असं मनाला लावून घेताय, मला बगवत न्हाय."

"काय?"

"आईंस्नी शेवट ठावा हुता. घट बसायच्या आधीच. तुमी दुपारचं झोपला हुता तवा मला म्हणाल्या, शेवटची पानं वाचून दाव, म्या तितवर ऱ्हाते का न्हाय काय ठावं. म्या वाचलं. मावशीचं नाव आलं तशा म्हणाल्या, मला वाटलंच हुतं. मग पुस्तक हुतं तितं ठिवून दिलं."

मी म्हटलं, "मग ती रोज कशाला येऊन बसायची? एवढ्या दुखण्यात?"

स्वरूपा म्हणाली, "म्या बी इचारलं हुतं. तर म्हणाल्या, त्येंची सांगायची लई हौस हाय गं, ती मोडाय नगं."

ती आत गेली. मी तेव्हापासून पडवीत बसून आहे.

धनत्रयोदशीला तिनं तोंडावर हात घेतले होते. ते हात तिला उचलत नव्हते, दोन दिवसांपासून पाण्याचं भांडंसुद्धा उचलत नव्हते. ते तिनं उचलले, डोळे मोठे केले आणि "अगं बया" म्हणाली. मी खूश झालो.

म्हणजे नवरात्रभर, दवाखान्यात, दिवाळीपर्यंत, मी रोज वाचत होतो ते तिला ठाऊकच होतं. गोष्टीसाठी ती बसत नव्हती. मी पुस्तकात बघून वाचायचो, आणि ती तेवढा वेळ माझ्याकडं बघून घ्यायची. मी एकदा जरी तिच्याकडं तसं बघून घेतलं असतं.